सिंकखाली डिस्पोजर बसवायचाय? आधी पाणी कुठे जाते ते शोधा

डिस्पोजर, म्हणजे सिंकखाली खरकटे दळणारी मशीन, घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो किती एचपीचा घ्यावा हा. तो नंतरचा प्रश्न. आधी हे सांगा, तुमच्या सिंकचे पाणी जाते कुठे? बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच गल्लीतल्या तीन घरांची तीन उत्तरे निघतात. एकाचे सिंक यूजीडीला (जमिनीखालच्या ड्रेनेज लाइनला) जोडलेले, शेजारचे उघड्या गटारीत सोडलेले, आणि मागच्या घराचे परसातल्या शोषखड्ड्यात मुरणारे. यातल्या एकाच घरी डिस्पोजर बिनघोर बसवता येतो. ही मशीन कचरा नाहीसा करत नाही. त्याचा लगदा करून पुढे ढकलते, इतकेच. पुढची वाट नीट नसेल तर पंधरा दिवसांत सिंक तुंबते आणि दोष मशीनला लागतो.

मशीनच्या आत मिक्सरसारखी धारदार पाती नसतात. तळाला एक पोलादी चकती, तिच्यावर दोन सुटे फिरते ठोकळे आणि भोवताली किसणीसारखे कडे. चकती फिरली की खरकटे कडेला फेकले जाते, ठोकळे ते कड्यावर रगडतात आणि बारीक लगदा फटींतून खाली उतरतो. तिथून पाणी त्याला वाहून नेते. हे चित्र डोळ्यांपुढे असले की पुढचे बरेच काही आपोआप कळते. भाताचे शीत रगडले जाते, शेवग्याच्या शेंगेची साल मात्र रगडली न जाता चकतीला गुंडाळते. आणि पाणी कमी पडले तर लगदा पाइपात बसतो.

पाण्याची वाट शोधणे

बादलीभर पाण्यात जिलेबीचा लाल रंग चमचाभर विरघळवा आणि सिंकमध्ये एका दमात ओता. मागून आणखी दोन बादल्या साधे पाणी सोडा. घरातल्या एकाने बाहेर चेंबरचे झाकण उघडून उभे राहायचे. लाल पाणी कोणत्या चेंबरात आणि किती वेळाने दिसले ते बघा. दहा-बारा मीटरच्या ओळीत पाणी मिनिटभरात यायला हवे. खूप उशिरा, फिकट आणि थेंबाथेंबाने आले तर ओळीत आधीच चरबी बसली आहे. ती साफ केल्याशिवाय पुढचे काम काढू नका.

लाल पाणी यूजीडीच्या चेंबरात उतरले तर मार्ग मोकळा. मात्र स्वयंपाकघराचे पाणी बहुतेक घरांत आधी गली ट्रॅपमधून, म्हणजे बाहेरच्या गाळ अडवणाऱ्या कुंडीतून जाते, आणि लगद्यातला जड भाग तिथेच तळाला बसतो. महिन्यातून एकदा झाकण काढून पळीने गाळ उपसायची तयारी असू द्या.

उघड्या गटारीत जात असेल तर डिस्पोजर बसवू नका. दळलेले अन्न गटारीत जागोजाग साचते, दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि उंदीर, डास येतात. आपला डबा रिकामा झाला म्हणून गल्लीला त्रास का?

शोषखड्डा असेल तरी नको. शोषखड्डा चालतो तो मातीच्या बारीक छिद्रांवर. पीठ, चरबी आणि चोथा यांचा थर खड्ड्याच्या भिंतींवर बसला की ती छिद्रे बुजतात. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीत पाणी मुळातच हळू मुरते. खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी बाजूला पावसाळ्यात जमीनच पाण्याने भरलेली असते. दोन्हीकडे असा खड्डा लवकर निकामी होतो आणि तो पुन्हा दुरुस्त होत नाही, दुसरा खणावा लागतो.

सेप्टिक टँकचे प्रकरण मधले. टँक पुरेसा मोठा असेल तर चालते, पण गाळ आणि वरची साय दोन्ही भराभर वाढतात आणि उपसा लवकर करावा लागतो. वर्षातून एकदा गाळ मोजा. लांब काठीच्या खालच्या हातभर भागाला जुने पांढरे धोतर गुंडाळून ती टँकच्या तळापर्यंत सोडा, दोन मिनिटे थांबा आणि हळूच वर काढा. कापडावर काळा पट्टा जिथपर्यंत आला तेवढा गाळ. पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाजवळ आला की उपसा करून घ्या. झाकण उघडल्यावर तोंड आत घालून वाकू नका आणि आत तर कधीच उतरू नका. त्यातल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

गटार किंवा शोषखड्डा असलेल्या घरांनी निराश व्हायचे कारण नाही. दारात म्हैस असेल तर साली, देठ आणि भाताची पेज तिलाच जाऊ दे, याहून चांगली सोय नाही. गोबर गॅस असेल तर खरकटे शेणात कालवून घालता येते. नाहीतर भोके पाडलेल्या दोन माठांत आलटून-पालटून खत करा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट वाळका पालापाचोळा टाकला की वास येत नाही.

नळाला धार किती आहे

डिस्पोजर चालू असताना मिनिटाला किमान ६ लिटर थंड पाणी लागते. १५ लिटरची बादली सिंकच्या तोटीखाली धरा. अडीच मिनिटांच्या आत भरली तर ठीक. तीन मिनिटांवर गेली तर आधी तोटीची जाळी साफ करा, तरीही धार वाढली नाही तर टाकीपासूनचा पाइप बघा. कट्टा आणि गच्चीवरची टाकी यांच्यात उंची कमी असली की बैठ्या घरांत ही अडचण येतेच.

दिवसातून तीन वेळा मिनिटभर वापर धरला तर १८ ते २० लिटर पाणी जाते. उन्हाळ्यात बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप तलावाची पातळी उतरते आणि नळाला पाणी दिवसांआड येते, तेव्हा हा हिशेब बोचतो. भांडी विसळलेले पाणी साठवून ते वापरले तरी चालते, फक्त ते एका धारेने पडले पाहिजे. मगाने थोडे-थोडे ओतले तर लगदा अर्ध्या वाटेत थांबतो.

सिंक, कप्पा आणि पाइप

सिंकचे भोक मोजा. डिस्पोजरचे तोंड साडेतीन इंची, म्हणजे ८९ ते ९० मिलिमीटर भोकासाठी बनवलेले असते. आपल्याकडे मिळणाऱ्या काही स्टील सिंकना साडेचार इंची भोक असते, त्यासाठी अडॅप्टर रिंग वेगळी घ्यावी लागते. जुन्या, दोन इंची कपलिंगच्या (पाइपाला जोडणाऱ्या तोंडाच्या) सिंकला किंवा कडप्प्याच्या मोरीला हे बसत नाही. भोक कापून मोठे करायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. भोकाभोवती कपलिंग बसण्यासाठी दाबलेली खोलगट कड असते. ती कापली की डिस्पोजरची झडप, म्हणजे भोकात बसणारे त्याचे वरचे तोंड, कधीच घट्ट बसत नाही. सिंकच बदला.

मशीनचे वजन मॉडेलप्रमाणे ४ ते ८ किलो असते. ते पाण्यासह सिंकला लोंबकळते आणि वर थरथरते. ग्रॅनाइटच्या खालून चिकटवलेले सिंक फक्त सिलिकॉनवर उभे असेल तर ते काही महिन्यांत सुटते. सिंकच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कोन किंवा पट्टी ठोकून त्याला खालून आधार द्या. पत्रा बोटाने दाबल्यावर लवत असेल, म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या आसपासचा असेल, तर आवाज फार होतो. १ मिलिमीटर किंवा जाड पत्रा बरा.

कप्प्यात गॅसचा सिलिंडर आहे का? असेल तर आधी तो दुसरीकडे हलवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर कप्प्याच्या तळालाच साचतो. तिथेच मोटर सुरू होऊन ठिणगी पडणे म्हणजे आगीला बोलावणे. यात तडजोड नको.

आता पाइप. बेळगाव भागातल्या बहुतेक घरांत सिंकखाली बाटलीसारखा ट्रॅप (वास अडवायला थोडे पाणी धरून ठेवणारा भाग) किंवा नुसता घडीचा प्लॅस्टिक पाइप असतो, आणि तो जाळीतून नाहणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. डिस्पोजरला हे तिन्ही चालत नाहीत. बाटली ट्रॅपच्या तळाला लगदा बसतो, घडीच्या पाइपाच्या प्रत्येक वळीत थोडा अडकतो, आणि नाहणी ट्रॅपमधून तो उलटा जाळीवर येतो. गुळगुळीत आतल्या बाजूचा पी-ट्रॅप, म्हणजे पी अक्षरासारखा वळलेला पाइप घ्या. मशीनचे बाहेरचे तोंड दीड इंची असते, म्हणून ४० मिलिमीटर पी-ट्रॅप लावून पुढे ५० मिलिमीटर पीव्हीसी करा आणि ती ओळ नाहणी ट्रॅपला न जोडता थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपाला वाय जोडून द्या. काटकोनी टी टाळा. आडव्या पाइपाला दर मीटरला २ सेंटिमीटर उतार ठेवा आणि तो पाणसळीने तपासा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. याहून फार जास्त उतार दिला तर पाणी पुढे पळते आणि लगदा मागे राहतो.

सगळ्यात चुकीचे होते ते भिंतीतल्या तोंडाच्या उंचीचे. सिंकची खोली २० ते २५ सेंटिमीटर, त्याखाली मशीनचे बाहेर जाणारे तोंड आणखी खाली. भिंतीतला पाइप त्याच्याहून वर असला की दळणाऱ्या भांड्यात पाणी आणि लगदा कायम साचून राहतो, वास येतो आणि मोटरची सील लवकर जाते. कट्ट्याच्या वरच्या पातळीपासून भिंतीतले तोंड ५० सेंटिमीटर तरी खाली हवे. जुन्या घरात ते वर असते. मग भिंत फोडून खाली घेणे हाच उपाय, आणि हे काम मशीन आणण्याआधी गवंड्याकडून करून घ्या. फ्लॅट असेल तर उभा पाइप सगळ्यांचा आहे. खालच्या मजल्यावरच्यांना आणि सोसायटीला आधी सांगा.

वीज

अर्धा एचपी म्हणजे साधारण ३७० वॉट, पाऊण एचपी म्हणजे ५६०. चार-पाच माणसांच्या शाकाहारी घराला अर्धा पुरतो. रोज मटण-मासे आणि पाहुण्यांचा राबता असेल तर पाऊण घ्या. परदेशातून कोणी आणून देत असेल तर पाटी वाचा. अमेरिकेतली मशीन १२० व्होल्टची असते, ती आपल्या २३० व्होल्टवर लावताच जळते.

मिक्सर-फ्रिजच्या बोर्डावरून वायर ओढू नका. स्वतंत्र ओळ, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच), आणि त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पाणी आणि वीज एकाच कप्प्यात आहे, म्हणून आरसीसीबी आणि खरी अर्थिंग यांना पर्याय नाही. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेचे भोक असते पण मागे वायरच नसते, तेव्हा वायरमनकडून टेस्ट लॅम्प लावून खात्री करून घ्या. सॉकेट कप्प्यात मागच्या भिंतीवर, पाइपाच्या जोडांपासून दूर आणि वर. बटण मुलांच्या हाताला सहज न लागेल असे ठेवा. कट्ट्यावर बसणारे हवेच्या दाबाचे बटण मिळते, ओल्या हाताने दाबले तरी विजेचा संबंध येत नाही, थोडे महाग असले तरी घेण्यासारखे आहे.

संध्याकाळी वीज कंपनी हेस्कॉमचा दाब १८०-१९० व्होल्टवर येत असेल अशा भागात मोटर गुरगुरते आणि वेग घेत नाही. तेव्हा लगेच बंद करा आणि दाब वाढल्यावरच वापरा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर डिस्पोजर जोडू नका, सुरू होताना तो काही पट जास्त करंट ओढतो.

बसवणी

मुख्य एमसीबी खाली पाडा. पाणी बंद करायची गरज नाही, पण कप्पा रिकामा करून खाली बादली ठेवा. जुनी कपलिंग पाइप पान्याने सोडवा. अडली तर आत खिळवलेले सिलिकॉन पातळ सुरीने कापा, सिंकच्या कडेला हातोडा मारू नका. भोकाची खोलगट कड आणि खालची बाजू खरवडून कोरडी करा. इथे तुकडा राहिला की पुढे थेंब गळणार हे ठरलेले.

नव्या झडपेच्या कडेखाली सिलिकॉनची करंगळीएवढी अखंड वळी ओढा. झडप भोकात सरळ दाबा आणि एकदा बसली की फिरवू नका. वर घडी घातलेला टॉवेल ठेवून त्यावर वरवंटा ठेवा, म्हणजे खालून काम करताना ती उचलली जाणार नाही. मग खालून भाग चढवायचे, बहुतेक मॉडेलमध्ये याच क्रमाने: आधी गॅस्केट, मग सपाट बाजू वर ठेवून धातूची रिंग, मग तीन स्क्रूची माउंटिंग रिंग, आणि शेवटी सगळे वर ढकलून खाचेत बसणारी स्नॅप रिंग. स्नॅप रिंग बसल्यावर तीन स्क्रू आळीपाळीने घट्ट करा, प्रत्येकी दोन-दोन वळसे. एकच स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर झडप एका बाजूला कलते आणि तिथूनच गळती सुरू होते. वर कडेभोवती बाहेर आलेले सिलिकॉन सारख्या जाडीचे दिसले तर काम बरोबर झाले. ते पुसा आणि २४ तास थांबा. घाईत त्याच दिवशी मशीन टांगली की सिलिकॉन फाटते, आणि फाटलेले परत जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन जमिनीवर ठेवून तिचा बाहेर जाणारा वाकडा पाइप आणि त्याची रबर गॅस्केट बसवा. मशीनच्या बाजूला डिशवॉशरसाठी बंद ठेवलेले छोटे तोंड असते. डिशवॉशर जोडणार असाल तरच आतली चकती पेचकस आणि हातोडीने आत पाडा, आणि पडलेली चकती काढायला विसरू नका. डिशवॉशर नसेल तर त्याला हात लावू नका.

आता उचलायचे. हात लांब करून कप्प्यात सहा-सात किलो उचलणे कठीण जाते. म्हणून खाली विटा आणि वर पाट असा ठोकळा रचा, मशीन त्यावर ठेवा आणि शेवटची दोन-तीन बोटेच हाताने उचला. तिन्ही जिभा माउंटिंग रिंगच्या खाचांना लागल्या की सगळी रिंग फिरवा. रिंगची टोके वर चढून कटकन बसतात. तो आवाज ऐकल्याशिवाय हात सोडू नका. मग मशीन फिरवून तोंड पी-ट्रॅपच्या रेषेत आणा आणि रिंग पूर्ण आवळा. पाइप ओढूनताणून जोडला तर थरथरीने त्याचा चेकनट ढिला होतो. लांबी कमी पडत असेल तर पाइपाचा नवा तुकडा कापा.

तपासणीसाठी सिंकला बूच लावून काठोकाठ भरा आणि पंधरा मिनिटे थांबा. झडपेच्या खाली टिश्यू फिरवा. कागद कोरडा राहिला तर बूच काढा आणि सगळे पाणी एकदम जाऊ द्या. त्या जोरात पी-ट्रॅपचे प्रत्येक जोड पुन्हा टिश्यूने पुसून बघा. यानंतरच एमसीबी चढवा. पहिल्यांदा थंड पाणी सोडून मशीन रिकामीच दहा सेकंद चालवा.

काय घालायचे, काय नाही

आधी पाणी, मग बटण, मग मूठ-मूठ खरकटे. दळण्याचा खरखरीत आवाज नुसत्या गुंजारवावर आला की आतले संपले. बटण बंद केल्यावरही पाणी २० सेकंद वाहू द्या. तेवढ्या पाण्याने पाइपातला लगदा उभ्या पाइपापर्यंत पोचतो. पाणी थंडच असावे. गरम पाण्याने तूप-तेल विरघळून पुढे जाते आणि गारठले की पाइपाच्या भिंतीला चिकटते.

भात, भाजी, वरण, फळांच्या मऊ साली, चहाचा चोथा, माशाचे बारीक काटे जातात. भात आणि ज्वारीची भाकरी जाते, पण थोडी-थोडी. एकदम वाडगाभर घातली तर पिठाचा गोळा फुगून ट्रॅपमध्ये बसतो. शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा, केळीची पाने, हळदीची पाने, मक्याची कणसे, ऊस, नारळाच्या शेंड्या, कढीलिंबाची डहाळी आणि कांद्याची पातळ साल यांना आत जागा नाही. आंब्याचा बाठा, फणसाची आठळी, करवंटी, मटणाची मोठी हाडे आणि चिंचोके यांनाही नाही. तळणीचे तेल आणि रश्श्यावरचा कट बाटलीत गाळून वेगळा टाका. म्हणजे ओल्या कचऱ्याचा एक छोटा डबा घरात राहतोच, घंटागाडीसाठी तो ठेवा. डिस्पोजरमुळे डबा पूर्ण सुटतो ही दुकानदाराची जाहिरात आहे.

अडले तर

मोटर गुरगुरते पण चकती फिरत नाही, म्हणजे काहीतरी अडकले आहे, बहुतेक वेळा चहाचा छोटा चमचा. बटण बंद करा, प्लग काढा. मशीनच्या बुडाशी मधोमध षटकोनी खाच असते. सोबत आलेली ॲलन की त्यात घालून पुढे-मागे हलवा, चकती मोकळी होते. अडकलेली वस्तू चिमट्याने काढा. प्लग काढलेला असला तरी हात आत घालू नका, ही सवयच लावा. मशीन पूर्ण मुकी असेल तर बुडाचे लाल रीसेट बटण बघा. मोटर तापून ते बाहेर आलेले असते. पंधरा मिनिटे थांबून दाबा.

वास येतो तो बहुधा दळणाऱ्या भांड्याचा नसतो. तोंडावरच्या रबरी पडद्याच्या खालच्या बाजूला लगदा चिकटलेला असतो. पडदा उलटून जुन्या दातघासणीने घासा, मग बर्फाचे आठ-दहा खडे आणि लिंबाची साल दळा. पाइप मोकळा करायच्या दाहक पावडरी घालू नका, त्या रबर आणि सील खातात.

सिंक हळू रिकामे होत असेल तर मशीन खोलू नका, पी-ट्रॅप खोला. थेंब वरून, झडपेच्या कडेने येत असेल तर तीन स्क्रू पुन्हा आळीपाळीने आवळा, तरी थांबला नाही तर सिलिकॉन नव्याने. बाजूच्या पाइपाशी गळत असेल तर गॅस्केट बदला. पण पाणी मशीनच्या बुडातून, रीसेट बटणाजवळून येत असेल तर आतली सील गेली आहे आणि पाणी मोटरला लागते आहे. प्लग काढा आणि ती मशीन पुन्हा चालवू नका. नवी घेताना त्याच कंपनीची घेतली तर वरची झडप आणि माउंटिंग रिंग बहुधा तशीच चालते, आणि सिलिकॉनसाठी पुन्हा २४ तास थांबावे लागत नाही.